इथिओपिया ८ दिवस: टूरवाल्याला दोन स्टार, ड्रायव्हरला पाच

आधी पैशाचं सांगतो, रिव्ह्यू वाचणारे तेच शोधायलेत. माणशी १ लाख ८५ हजार, मुंबई ते मुंबई, व्हिसा धरून, जेवण धरून, आणि ब्रोशरवर ठळक अक्षरात 'संपूर्ण महाराष्ट्रीयन जेवण'. कंपनीचं नाव लिहीत नाही, आपल्या संभाजीनगरचीच आहे, ओळखीतली माणसं आहेत, उद्या कुणाच्या लग्नात पंगतीला शेजारी बसतील. आम्ही १४ जण होतो, जालना, परभणी आणि इथले, बहुतेक रिटायर. मी स्वतः पाटबंधारे खात्यातून निवृत्त, त्यामुळं मधीच धरणावर घसरलो तर समजून घ्या.

सगळे म्हणले अहो आफ्रिकेला जायचं तर केनियाला जा, सिंह तरी दिसतील. पण ब्रोशरवर लालिबेलाचा फोटो होता आणि मी तिथंच अडकलो. एका दगडात वरून खाली कोरत आणलेली चर्च, एकूण ११. वेरूळचं कैलास आमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर, लहानपणापासून शंभरदा बघितलेलं, तर दुसऱ्या खंडात कुणी तीच उलटी पद्धत, आधी कळस मग पाया, अशी लावली असंल तर बघायलाच पाहिजे की. आपलं आठव्या शतकातलं, त्यांचं साधारण बाराव्या-तेराव्या.

तर लालिबेला दाखवलंच नाही. राजधानी अदिस अबाबाला उतरल्यावर दुसऱ्या दिवशी नाश्त्याला सांगितलं, काका तिकडं परिस्थिती बरी नाही. आता ते खोटं नव्हतं, लालिबेला ज्या अम्हारा भागात आहे तिथं २०२३ पासून लष्कर आणि फानो नावाच्या सशस्त्र गटांची लढाई चालू आहे, त्याच्या आधी २०२० ते २२ शेजारच्या टिग्रे भागात मोठं युद्ध झालं. पण ही गोष्ट पैसे भरून घेताना माहीत नव्हती का? बुकिंग ऑगस्टमधलं, टूर जानेवारीतली. पेपर वाचणाऱ्या माणसाला जे कळतं ते टूर काढणाऱ्याला कळू नये?

दुसरा घोळ लसीचा. इथिओपियाहून भारतात परत येताना पिवळ्या तापाच्या लसीचं पिवळं कार्ड लागतं, नसलं तर विमानतळावरून थेट क्वारंटाइन. लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि ती काही गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक केंद्रं आहेत. आम्हाला हे सांगितलं निघायच्या १३ दिवस आधी. संक्रांतीच्या तोंडावर आम्ही नवरा-बायको नुस्ती एक सुई टोचून घ्यायला मुंबईला जाऊन आलो. जाणाऱ्यांनी हे आधी करा, एकदा घेतली की आयुष्यभर चालते.

आता देशाचं. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून जवळपास २३५० मीटरवर आहे, कळसूबाईपेक्षा ७०० मीटर वर, आणि आम्ही मनात धरून गेलतो की आफ्रिका म्हणजे परभणीचा मे महिना. सकाळी स्वेटर घालूनच बाहेर. हॉटेलचे दोन जिने चढलं की धाप लागायची, आमची मंडळी म्हणली बीपी वाढलं, मी म्हणलं हवा विरळ आहे.

शहरात जिकडं बघावं तिकडं खोदलेलं नाहीतर नुकतंच बांधलेलं. रुंद रस्ते, सायकलचे पट्टे, रात्री एवढी लायटिंग की लग्नाचं घर वाटावं. जुन्या पियासा भागातली वस्ती २०२४ मध्ये पाडून हे केलंय आणि तिथली माणसं शहराच्या कडेला गेलीत, हे ड्रायव्हरनंच सांगितलं, ब्रोशरमध्ये नव्हतं. इलेक्ट्रिक गाड्या आपल्यापेक्षा जास्त दिसल्या, कारण २०२४ पासून तिथं पेट्रोल-डिझेलची खाजगी गाडी बाहेरून आणायलाच बंदी आहे. तेल डॉलर देऊन आणावं लागतं, वीज घरची. समुद्रही नाही, १९९३ ला इरिट्रिया वेगळा झाला तेव्हा किनारा गेला, बहुतेक सगळा माल शेजारच्या जिबुती देशाच्या बंदरातून येतो, त्यासाठी चिनी लोकांनी ७५० किलोमीटरची रेल्वे टाकून दिलीय. लोकसंख्या १३ कोटींच्या आसपास, आफ्रिकेत नायजेरियानंतर हाच. बिर म्हणजे त्यांचा रुपया, जुलै २०२४ मध्ये सरकारनं त्याचा दर बाजारावर मोकळा सोडला आणि ५७ बिरचा डॉलर काही आठवड्यांत शंभरच्या पुढं गेला. आपल्याला स्वस्त पडतं ते त्यामुळंच, ड्रायव्हरला तेलाचा डबा महाग पडतो तोही त्यामुळंच.

ड्रायव्हरबद्दल सांगायलाच पाहिजे, टूर वाचवली ती त्यानं. पहिल्याच दिवशी त्यानं आमच्या टूर मॅनेजर पोराला मेसेज टाकला, उद्या दोन वाजता येतो. पोरानं आम्हाला सांगितलं निवांत झोपा, दुपारी निघायचंय. सकाळी आठला मी खाली चहा शोधत गेलो तर हा बाबा गाडी पुसून, आवरून, दारात उभा. तिथं घड्याळ सकाळी सहापासून मोजतात, दिवस उगवला की मोजणी सुरू, म्हणून आपले आठ म्हणजे त्यांचे दोन. वर्षाला महिने १३, आणि आपलं २०२६ चालू असताना त्यांचं २०१८. तिमाही जीएसटी भरणारा आमच्यातला एक जण म्हणला, इथं यायला पाहिजे होतं राव, आठ वर्षं मुदतवाढ. पण जो माणूस पाचव्यांदा ही टूर काढतोय असं सांगतो त्याला घड्याळ माहीत नाही म्हणजे काय समजायचं.

जेवण. महाराष्ट्रीयन जेवण म्हणजे पाकिटातले पोहे आणि पाकिटातली पावभाजी, गरम पाण्यात बुडवून. दोन दिवस खाल्लं, तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरला म्हणलं दादा तू जिथं जेवतो तिथं ने. त्यानं विचारलं मांस चालतं का, नाही म्हणल्यावर म्हणला मग 'त्सोम', म्हणजे उपासाचं, मागा. त्यांच्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांत बुधवार-शुक्रवार उपास असतो, उपासाला दूध-तूपसुद्धा चालत नाही, त्यामुळं शाकाहारी माणसाची सोय आपोआप होते. परातीएवढं इंजेरा आलं, टेफ नावाच्या राजगिऱ्यापेक्षा बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून केलेलं, आंबोळीसारखं जाळीदार, पण चांगलंच आंबट. त्यावर मसूर, कोबी, पालेभाजी आणि मधोमध शिरो. शिरो म्हणजे गोडाचा शिरा नाही, हरभऱ्याच्या पिठाचं पिठलं, सरळ सरळ पिठलं, फक्त बेरबेरे नावाचा लाल मसाला घातलेला. आमची मंडळी पहिला घास खाऊन म्हणली, ह्याला ठेचा पाहिजे. मग हॉटेलच्या मालकीणबाई आल्या आणि एक घास करून सरळ तिच्या तोंडाशी धरला. ह्याला गुर्शा म्हणतात, मान द्यायची पद्धत आहे. चाळीस वर्षांपूर्वी लग्नात नाव घेऊन घास भरवलता त्यानंतर पहिल्यांदाच ती एवढी लाजली. सगळ्यांची मिळून जी बिलाची रक्कम झाली ती पाकिटांच्या अर्धीसुद्धा नसंल. नंतर बुना, म्हणजे कॉफी, समोर भाजून कुटून, तीन फेऱ्या, सोबत चक्क पॉपकॉर्न.

तिथंच आमचं धरणावर जुंपलं. ड्रायव्हरच्या मोबाइलवर वॉलपेपर धरणाचा. अबाय म्हणजे निळी नाईल नदी, तिच्यावरचं ते मोठं धरण, २०११ ला काम सुरू, सप्टेंबर २०२५ ला उद्घाटन, ५१५० मेगावॅट. साठा ७४ अब्ज घनमीटर, म्हणजे आपल्या भाषेत २६०० टीएमसी. आपलं जायकवाडी, म्हणजे नाथसागर, १०२. पंचवीस नाथसागर एकावर एक धरा! बाहेरच्या बँकांनी हात वर केले म्हणून लोकांकडून बाँड आणि वर्गणी काढली, त्याची बायको शाळेत शिक्षिका, तिच्या पगारातून कापून गेले. अभिमान असणारच.

पण मी गोदावरीच्या खालच्या अंगाचा माणूस. मी म्हणलं, वर अडवलं, खालच्यांचं काय? तो म्हणला, खालच्यांनी १९५९ ला करार करून सगळी नाईल आपसात वाटून घेतली, साडेपंचावन्न अब्ज घनमीटर इजिप्तला, साडेअठरा सुदानला, आणि जिथून बहुतेक पाणी येतं त्या आम्हाला विचारलंसुद्धा नाही. मग मी त्याला आमच्या वरच्या अंगाची नाशिक-नगरची धरणं, २००५ चा समन्यायी पाणीवाटपाचा कायदा, दर दिवाळीच्या आसपास पाणी सोडण्यावरून होणारी कोर्टकचेरी, सगळं कागदी रुमालावर काढून दाखवलं. तो म्हणला म्हणजे तुम्ही आमच्यासारखेच. मी म्हणलं नाही बाबा, आम्ही इजिप्त. तो हसला, मग जरा थांबून त्यानं विचारलं, तुमच्या वरच्या लोकांच्या घरात लाइट आहे का? म्हणलं आहे की, केव्हाची. तो म्हणला, इजिप्तमध्येही घरोघर आहे, माझ्या आईच्या गावात अजून नाही.

ह्यावर मला बोलता आलं नाही. त्या देशात जवळपास निम्म्या लोकांकडं अजून वीज नाही. आणि इंजिनियर म्हणून बघितलं तर विजेचं पाणी टर्बाइन फिरवून खालीच जातं, आमच्याकडं वरच्या वर उसात मुरतं तसं नाही. दुष्काळाच्या वर्षी किती सोडायचं ह्याचा लेखी करार अजून नाही, इजिप्तची भीती तिथं आहे आणि ती मला पटते. रुमाल मी घडी करून आणलाय.

लालिबेलाच्या बदल्यात बिशोफ्तूचं तळं दाखवलं, ज्वालामुखीच्या विवरातलं, छान आहे, पण लोणार बघितलेल्या माणसाला किती सांगणार. म्युझियममध्ये ल्युसी, म्हणजे माणसाच्या पूर्वज जातीतल्या मादीचा सांगाडा, ३२ लाख वर्षांपूर्वीचा, काचेत आहे ती प्रतिकृती. आणि मलिक अंबर मूळचा इथिओपियातलाच, ज्यानं १६१० मध्ये खडकी वसवलं म्हणजे आमचं शहर, नहर काढून पाणी आणलं, त्याचं नाव तिथल्या गाइडला माहीतच नव्हतं. मी नहरीचे फोटो दाखवले तर त्यानं त्याच्या मोबाइलवर मागून घेतले.

जायचं असंल तर जा, ऑक्टोबर ते जानेवारी हवा चांगली, पण कुठला भाग चालू आहे ते स्वतः बघून मगच पैसे भरा आणि पाकिटं नेऊ नका. रिफंडचं म्हणाल तर लालिबेलाचे माणशी ११ हजार परत आले, तेही चार फोननंतर, बाकीचे 'काका पुढच्या टूरमध्ये अॅडजस्ट करू' म्हणायलेत. पुढची टूर केनियाची आहे म्हणे.