‘मेस्विज’ म्हणजे निरोप नव्हे! कोर्टाजवळच्या भाषांतराच्या दुकानाबद्दल

साखर पेठेतल्या आमच्या घराचं मूळ खरेदीखत 1938 सालचं आणि इंग्रजीत. विकणारे मुंबईचे, म्हणून तिथल्याच सॉलिसिटरने केलेलं. वाटणीची बोलणी निघाल्यावर त्याचं मराठी भाषांतर लागलं. एका ठिकाणी करून घेतलं, तर घराच्या वर्णनात ‘निरोप’ असा शब्द! मुळात होतं ‘मेस्विज’, त्यांनी वाचलं ‘मेसेज’. आमचा वाद नेमका मागचं अंगण आणि आड घरात धरायचा की नाही, याचाच.

मग जिल्हा न्यायालयाजवळच्या एका छोट्या टायपिंगच्या दुकानात गेले. तिथले काका टाइप करायला बसण्याआधी अख्खं खत वाचतात, आणि मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. मेस्विज म्हणजे राहतं घर, त्याला लागून असलेल्या पडव्या-गोठ्यांसकट आणि घराच्या वापरातल्या अंगणासकट, हे त्यांनी नीट समजावलं. 1066 नंतर नॉर्मन राजवटीबरोबर इंग्लंडच्या कायद्यात फ्रेंच शिरली, तिथला हा शब्द. मूळ बहुधा ‘मेनाज’, म्हणजे घरसंसार. जुन्या लिखाणात त्यात एक ‘एस’ही असे. त्या काळच्या हस्ताक्षरात ‘एन’ आणि ‘यू’ सारखेच दिसत, मोडीत एक अक्षर दुसऱ्यासारखं वाचलं जातं ना, तसंच. वाचणाऱ्याने ‘एन’चा ‘यू’ केला आणि तेच रूढ झालं, असं मानतात. इंग्लंडच्या कोर्टांतून फ्रेंच-लॅटिन 1733 पासून कायद्यानेच हद्दपार झाली, पण असे शब्द दस्तांत टिकून राहिले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. ‘‘वहिनी, नुसत्या शब्दावर जाऊ नका, चतुःसीमा बघा,’’ म्हणाले. पश्चिमेला ‘आडापलीकडील म्युनिसिपालिटीचा बोळ’ लिहिलंय, म्हणजे आड हद्दीच्या आतच! बोट ठेवून ती ओळ दाखवली. भाषांतरात त्यांनी ‘राहते घर, लगतच्या बांधकामासह व अंगणासह’ असं लिहिलं आणि कंसात मूळ शब्द देवनागरीत ठेवला, वकिलाला ताडून बघता यावा म्हणून.

पानाला तीनशे रुपये घेतात. इतरांपेक्षा जास्त आहेत, पण मला ते रास्त वाटले. दोन दिवस लागतात, घाई केली तर सरळ नाही म्हणतात. जिना अरुंद आहे, म्हाताऱ्या माणसांना वर नेऊ नका. काका स्वतः खाली येऊन कागद घेतात. जुन्या खताची झेरॉक्स नेणार असाल तर शिक्क्याखालची अक्षरं नीट उमटली आहेत का ते बघून घ्या, नाहीतर मूळ प्रत आणायला परत पाठवतात. कोर्टाला सुट्टी असलेल्या शनिवारी गर्दी कमी असते.