जुने अल्बम घरून नेऊन स्कॅन करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा (नाशिक)

२८,५५० रुपये गेले ते एकवेळ सोडा, पण १२५ फोटो गेलेत आणि जे परत आले ते लॅमिनेट होऊन आलेत, त्याचं काय करायचं ते मला कोणीतरी सांगा. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर या बाजूच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर "जुने अल्बम घरून नेऊ, बुरशी काढू, डिजिटल करून देऊ" असा मेसेज फिरत असेल तर आधी हे वाचा. असले प्रकार कसे चालतात ते सगळ्यांना माहितीये, आधी थोडा अ‍ॅडव्हान्स, मग रोज नवा खर्च, आणि तोवर आपली वस्तू त्यांच्याकडे अडकलेली.

आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं, त्यात जुन्या फोटोंचा स्लाइड शो करायचा म्हणून माळ्यावरची ट्रंक खाली काढली. पावसाळ्याची ओल लागून काही फोटोंवर बुरशी धरली होती. काळ्या पानांचे, कोपरे लावलेले, मधे जाळीचा पातळ कागद असलेले जुने अल्बम, त्यात आजी-आजोबा, १९६९ च्या पुराचे गोदाघाटावरचे फोटो, बाबा प्रेसमध्ये लागले तेव्हाचा नाशिकरोडच्या क्वार्टरसमोरचा फोटो. आणि नंतरचे चिकट पानांचे, वर प्लास्टिक असतं ते. एकूण ४१२, मी स्वतः मोजून वहीत लिहिले होते, म्हणजे निष्काळजीपणा केला असं कोणी म्हणू नका.

असाच मेसेज बघून त्या माणसाला घरी बोलावलं. दर ठरला फोटोमागे ३५ रुपये, म्हणजे १४,४२०. त्यातले ७,००० आधी. मग त्याचा फोन, की बुरशी परत येऊ नये म्हणून कोटिंग लागेल, फोटोमागे १५, झाले ६,१८०. मग पेनड्राइव्ह आणि "स्पेशल बॉक्स" २,४५०. आणि कार्यक्रम तोंडावर आल्यावर चिकट पानांतून फोटो सोडवायची मजुरी म्हणून ५,५०० मागितले, ते दिल्याशिवाय अल्बम मिळणार नाहीत म्हणाला. दिले. आईचे फोटो त्याच्याकडे असताना तुम्ही काय केलं असतं?

मला रात्री झोप लागत नाही ती एका गोष्टीमुळे. पहिल्या दिवशी माझ्यासमोर सोफ्यावर बसून त्याने चिकट पानावरचा भावाच्या मुंजीचा फोटो नखाने कोपऱ्यातून ओढला. टर्रकन वरचा थर निघाला, आईचा अर्धा चेहरा गेला, खालचा पांढरा कागद दिसायला लागला. मी ओरडले तर म्हणतो, "काकू, हा आधीच खराब होता, आमच्याकडे मशीन आहे, नीट होतं." तिथंच त्याला दाराबाहेर काढायला हवं होतं! या कामातला माणूस फोटो कधी ओढत नाही, दातात फिरवायचा फ्लॉस हळूच खालून सरकवतात, तरी सुटला नाही तर अख्खं पानच स्कॅन करतात. हे मला आता कळलंय, तेव्हा कुठून कळणार? पावती मागितली तर "व्हॉट्सअपवर टाकतो", क्यूआर कोडवर नाव वेगळंच, विचारलं तर "वहिनीचं अकाउंट आहे". ४१२ च्या आकड्याखाली सही घेऊ दिली नाही, घाईत आहे म्हणाला. सहीशिवाय एकही फोटो घराबाहेर देऊ नका.

परत आले २८७. कोटिंग म्हणजे गरम लॅमिनेशन! ते परत निघत नाही, प्लास्टिक काढायला गेलं की फोटोचा थर सोबत येतो. निगेटिव्हची डबी तर गायबच. भाच्याने पेनड्राइव्ह बघितला, सगळ्या फाइल १६०० पिक्सेलच्या, म्हणजे मोबाइलने काढून व्हॉट्सअपवरून पाठवलेल्या, ट्यूबलाइटची चमकसुद्धा दिसते. तीन बाय चार इंचाचा फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन केला तर १८०० बाय २४०० पिक्सेल येतात, हे आधी विचारून घ्या आणि एक फोटो समोर करून दाखवायला सांगा. "स्पेशल बॉक्स" साधा पुठ्ठ्याचा, आत डांबरगोळ्या. फोटोंजवळ डांबरगोळ्या नकोत.

पोलीस स्टेशनला गेले तर साहेब म्हणतात, मॅडम, तुम्ही स्वतःच्या हाताने दिले, हे दिवाणी मॅटर आहे. वर, फोटोची किंमत किती लावायची? बाबांचा तरुणपणीचा एकुलता एक फोटो, त्याची किंमत मी काय सांगू त्यांना? विश्वासाने दिलेली वस्तू लाटली तर भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ आहे, फसवणुकीला ३१८ आहे, हे मी त्यांना सांगायचं का? शेवटी एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून हातात कागद दिला. बँकेत गेले तर म्हणे पेमेंट तुम्हीच केलंय. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, प्रत्येक जण "स्क्रीनशॉट आणा" म्हणतो आणि आणल्यावर बघत कोणी नाही. आई घरी विचारते सापडले का गं, तिला काय सांगू?

यूपीआयने पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, वाट बघू नका. एफआयआर घेत नसतील तर लेखी तक्रार पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवा, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ मध्ये तशी सोय आहे. मी तीही पाठवलीये आणि ग्राहक आयोगातही अर्ज टाकतेय, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही. कोणाचे अल्बम असेच गेले असतील तर पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि त्याचे मेसेज डिलीट करू नका, मला कळवा, तीन-चार घरांची तक्रार एकत्र गेली तर निदान दिवाणी मॅटर म्हणून परत तरी पाठवणार नाहीत.