बदकांच्या हंगामातली बाराबोरी: चोक, छर्रे आणि कागदावर मोजलेली भोकं

आधीच सांगून ठेवतो, हे बदकांच्या शिकारीचं सगळं भारतात वापरायचं नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच असावी. मी निफाड तालुक्यातला. नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर थंडीत थापटे आणि तलवार बदकं बघत मोठा झालो. त्याच जातींची बदकं इथे कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या भातखाचरांवर उतरतात, आणि इथे परवाना काढून, हंगामात, ठरवून दिलेल्या संख्येत ती मारता येतात. ग्रीन कार्ड झाल्यावर सक्तीचा कोर्स केला, 25 डॉलरचा फेडरल डक स्टॅम्प घेतला. 1934 पासून या तिकिटाचे पैसे पाणथळ जागा राखायला जातात, त्यामुळे ते देताना जिवावर येत नाही. पहिला हंगाम चुकांत गेला. हा अनुभव दुसऱ्या हंगामाचा आहे: सप्टेंबरपासूनचा सराव आणि ऑक्टोबरअखेर ते जानेवारीअखेर प्रत्यक्ष पाण्यात.

बंदूक जुनी, दुसऱ्याची वापरलेली रेमिंग्टन 870. बारा बोर, 28 इंची नळी, 3 इंची काडतूस घेणारी. सोबत तीन चोक मिळाले: इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, मॉडिफाइड आणि फुल. नंतर हौसेने 90 डॉलरचा चौथा घेतला, खास ‘वॉटरफाउल’ लिहिलेला, तोंडाशी भोकं असलेला.

ज्यांनी चोक पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: द्राक्षाच्या बागेत फवारणी करताना नोझल आवळलं की फवारा लांब आणि बारीक जातो, सैल केलं की जवळच पसरतो. चोक म्हणजे नळीच्या तोंडाचं ते नोझल. बारा बोरच्या नळीचा आतला व्यास 0.729 इंच. इम्प्रूव्ह्ड सिलिंडर तो साधारण 0.010 इंचाने कमी करतो, मॉडिफाइड 0.020 ने आणि फुल 0.035 च्या आसपास. फरक कागदाच्या जाडीचा, पण 40 यार्डांवर त्याने छर्ऱ्यांचा पसारा चांगलाच बदलतो.

पहिल्या हंगामात मी सरळ फुल लावला. जितकं आवळ तितकं चांगलं, असा माझा हिशेब. तो शिशाच्या जमान्यातला निघाला. पाणपक्ष्यांसाठी अमेरिकेत 1991 पासून शिशाचे छर्रे बंद आहेत, आणि कॅलिफोर्नियात जुलै 2019 पासून कुठल्याच शिकारीला शिसं चालत नाही. आता सगळा कारभार स्टीलचा. शिसं मऊ असतं, नळीतून जाताना चेपतं आणि चेपलेला छर्रा वाट सोडतो. स्टील चेपत नाही, म्हणून छर्रे एकत्र राहतात. स्टील घातलं की मॉडिफाइड जवळपास फुलसारखा वागतो. मग फुल काय करत असेल? 25 यार्डांवर छर्ऱ्यांचा नुसता गोळा. एकतर हवेत बार, नाहीतर बदकाची चाळण. शिवाय बऱ्याच फुल चोकांतून मोठे स्टीलचे छर्रे मारू नका, असं बंदूकवालेच सांगतात. चोक आणि नळी दोन्हीला धोका.

त्याच हंगामात एक तलवार बदकाचा नर माझ्या बारानंतर नुसता हलला, पंख ताणून तरंगत गेला आणि दीडशे यार्डांवर पाणकणसांत पडला. कुत्रा नव्हता. कमरेइतक्या पाण्यात दीड तास शोधला, सापडला नाही. त्या रात्री घरी येऊन ठरवलं, पुढच्या वेळी आधी कागद.

कागदाचं काम कंटाळवाणं आहे, पण सगळा खेळ तिथेच आहे. चार फुटी पुठ्ठा, 40 यार्ड, चोक आणि काडतुसाच्या प्रत्येक जोडीचे पाच बार. छर्रे जिथे दाट पडलेत तिथे 30 इंची वर्तुळ काढायचं आणि भोकं मोजायची. केंट कंपनीच्या फास्टीलचं दोन नंबरचं (नंबर म्हणजे छर्ऱ्याचा आकार, त्याचं पुढे सांगतो) 3 इंची काडतूस घेतलं, सव्वा औंस छर्ऱ्यांचं. त्यात साधारण 156 छर्रे येतात. इम्प्रूव्ह्ड सिलिंडरने सरासरी 84 वर्तुळात टाकले, मॉडिफाइडने 104. नव्वद डॉलरच्या चोकने 106. दोन छर्ऱ्यांसाठी नव्वद डॉलर! बायकोला हा आकडा अजून सांगितलेला नाही.

फेडरल कंपनीच्या ब्लॅक क्लाउड काडतुसाने मात्र शिकवलं. त्याची आतली कपची (छर्रे ज्यात बसवलेले असतात तो प्लॅस्टिकचा पेला) मागच्या बाजूने उघडते, म्हणजे छर्ऱ्यांना जास्त वेळ कवेत धरते. साध्या मॉडिफाइडमधून 110 आले, माझ्या सगळ्या चाचणीतला सर्वांत दाट. तेच काडतूस भोकांच्या चोकमधून मारलं तर मधोमध बशीएवढी मोकळी जागा. अशा जुन्या घडणीच्या कपचीच्या काडतुसाला असा चोक लावू नये, हे ठाऊक असलेल्यांना ठाऊक असतं. मी ते नंतर वाचलं.

आता छर्ऱ्याच्या नंबराचं. 17 मधून नंबर वजा केला की छर्ऱ्याचा व्यास इंचाच्या शतांशात मिळतो: दोन नंबर म्हणजे 0.15 इंच, चार नंबर म्हणजे 0.13. स्टीलची घनता 7.8, शिशाची 11 च्या वर, म्हणून शिशात जो नंबर चालायचा त्याच्यापेक्षा दोन नंबर मोठा छर्रा घ्यायची इथली जुनी रीत. इथपर्यंत सगळे सांगतात. सांगत नाहीत ते हे, की लहान पक्ष्याला जास्त छर्रे लागतात. मॅलार्डसारख्या मोठ्या बदकासाठी 30 इंची वर्तुळात 85-90 छर्रे पुरतात असं धरतात. टीलसारख्या मुठीएवढ्या पक्ष्याला 135-145. अंग लहान, त्यामुळे छर्ऱ्यांच्या फटीतून ते निसटतं, किंवा त्याला एखादाच लागतो आणि ते जखमी होऊन जातं. दोन नंबरच्या सव्वा औंसात मुळात 156 च छर्रे, तर 145 वर्तुळात येणार कुठून? टीलच्या सकाळी मी चार नंबर नेऊ लागलो. सव्वा औंसात 240 छर्रे, 30 यार्डांवर इम्प्रूव्ह्ड सिलिंडरमधून 165 च्या आसपास वर्तुळात. तेव्हापासून टील पडतं ते जागच्या जागी.

‘जास्त वेग’ छापलेली काडतुसंही आणली होती. खांद्याला दणका जास्त, कागदावर पसारा जास्त, छर्रे कमी. माझ्या नळीला सेकंदाला 1,400 फूट वेगाच्या आसपासचीच मानवली. दुसऱ्याच्या नळीचं मला माहीत नाही आणि त्यालाही कागदाशिवाय कळणार नाही.

बिस्मथ धातूचे छर्रे हे वेगळं प्रकरण आहे. घनता 9.6, म्हणजे स्टील आणि शिशाच्या मधलं. चार नंबरचं बिस्मथ मी पांढऱ्या कपाळाच्या हंसांसाठी मॉडिफाइडमधून वापरलं आणि पडलेल्या पक्ष्यांत एकही फडफडताना सापडला नाही. पण एका काडतुसाला दोन डॉलरच्या वर. रोज कोण मारणार? टंगस्टनवाली एका सोबत्याने दोनच दिली, त्यावरून मत देणं बरोबर नाही.

पैशांवरून आठवलं. एका स्वस्त खोक्यातली काडतुसं ओल्या पिशवीत आठवडाभर राहिली तर आतले छर्रे गंजून एकमेकांना चिकटले. हातात हलवली तर वाजेनात. सगळी बाजूला काढली. नाव घेत नाही; पिशवी ओली ठेवली ती मीच.

आता या सगळ्यापेक्षा जास्त फरक ज्याने पडला ते: अंतर. लेझरचं अंतर मोजायचं यंत्र घेतलं आणि पहिल्याच दिवशी लाज वाटली. मी ज्याला चाळीस म्हणत होतो ते बावन्न निघालं. आता अंधारात डिकॉय (बदकांना भुलवायची नकली बदकं) मांडतानाच सर्वांत लांबचा 35 यार्डांवर ठेवतो. त्याच्या पलीकडचं बदक माझं नाही. वहीत बघतोय तर हंगामातली बहुतेक बदकं 22 ते 33 यार्डांतली. तिथे इम्प्रूव्ह्ड सिलिंडर पुरून उरतो. डिसेंबरच्या मध्यानंतर बार खाऊन शहाणी झालेली बदकं वरवर घिरट्या घालतात तेव्हा मॉडिफाइड. धुक्याच्या दिवशी, इथल्या त्या दाट ट्यूली धुक्यात, पुन्हा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, कारण बदक दिसतं तेव्हा डोक्यावरच असतं. शेजारच्या ब्लाइंडमधले (लपून बसायच्या आडोशातले) काही जण साठ-सत्तर यार्डांवर आकाशात बार काढत बसतात. बदक पडत नाही आणि आमच्याकडे वळलेला थवा उधळतो. मी जातो त्या रेफ्युजवर, म्हणजे पक्ष्यांसाठी राखलेल्या सरकारी पाणथळीवर, 25 च काडतुसं नेऊ देतात. त्यांची सकाळी आठला संपतात, तेवढंच सुख.

देखभाल थोडी. रिकामी बंदूक करून दर दहा-बारा बारांनी चोक हाताने घट्ट आहे ना ते बघा. स्टीलमुळे माझा दोनदा सैल झाला. आट्यांना ग्रीस लावा; नोव्हेंबरात न लावता ठेवला तर चिखल आणि गंजाने असा बसला की दोन दिवस तेलात ठेवून काढावा लागला.

घरी आणल्यावर मांसावरून चुंबक फिरवतो. स्टीलचे छर्रे ओढले जातात. एकदा आळस केला आणि काळ्या मसाल्याच्या रश्श्यात दाढेचं फिलिंग गेलं. डेंटिस्टचं बिल दोन खोकी बिस्मथच्या वर. बिस्मथला चुंबक लागत नाही, पण दाताखाली ते भुगा होतं. टील सुक्यालाच चांगलं. थापट्या मात्र कितीही खोबरं घातलं तरी चिखलाची चव सोडत नाही. निदान माझ्या हातून.

नव्वद डॉलरचा चोक विकून टाकला. फुल ठेवलाय, मातीच्या तबकड्यांवर रेंजवर शिसं चालतं तिथे तो उत्तम काम करतो. पुढच्या हंगामासाठी चार नंबरची सहा खोकी, दोन नंबरची तीन आणि बिस्मथचं एक. पुठ्ठे शेजाऱ्याच्या नव्या फ्रिजच्या खोक्यातून कापून ठेवलेत.