आठ महिने स्टेप काउंटर वापरल्यावर: कुठली पावलं मोजली जातात, कुठली हरवतात

आठ महिने झाले, आंघोळ आणि चार्जिंग सोडलं तर मनगटावरचा फिटनेस बँड उतरलेला नाही. झोपेची नोंद, हृदयाचे ठोके वगैरेंबद्दल मी काही लिहिणार नाही. बँड घेतला होता पावलं मोजायला, आणि तो ती नीट मोजतो का एवढंच मी बघत आले.

पहिल्याच आठवड्यात चाचणी घेतली. उजव्या खिशात दहा मणी ठेवायचे, शंभर पावलं झाली की एक मणी डाव्या खिशात टाकायचा. उजवा खिसा रिकामा झाला की हजार पावलं. सपाट रस्ता, हात मोकळे, नेहमीची चाल. बँडने दाखवलं ९९१. दुसऱ्या दिवशी १००६, तिसऱ्या दिवशी ९८८. जपानच्या औद्योगिक मानकात पेडोमीटरला, म्हणजे पावलं मोजणाऱ्या यंत्राला, शंभर पावलांमागे तीन पावलांची चूक माफ आहे. त्या हिशेबाने बँड आरामात पास झाला, आणि मी निर्धास्त झाले.

मग एक दिवस भाचीला बाबागाडीत बसवून त्याच रस्त्याने तेवढीच हजार पावलं चालले. बँडवर चारशेच्या आसपास. मला वाटलं, मणी टाकताना मीच चुकले. परत मोजलं, तोच प्रकार. खिशातल्या मोबाइलने मात्र साडेनऊशेच्या वर दाखवले.

कारण सरळ आहे. बँडला पाऊल दिसत नाही, त्याला कळते ती मनगटाची हालचाल. आतला अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजे हालचाल ओळखणारा सेन्सर, तिन्ही दिशांचं त्वरण सेकंदाला कित्येक वेळा टिपतो आणि त्यात चालण्याची लय सापडली की सॉफ्टवेअर पावलं धरतं. हात गाडीच्या दांड्याला धरलेला असेल तर पाय कितीही चालोत, मनगटापर्यंत त्याची फार थोडी खूण पोचते. हात खिशात असला, दोन्ही हातांत जड पिशव्या असल्या, ट्रेडमिलचा कठडा धरला, तरी तेच. शिवाय बरेच बँड सलग दहाएक पावलांची लय पक्की झाल्याशिवाय मोजायलाच घेत नाहीत. घरातलं चालणं म्हणजे सहा पावलं ओट्यापासून दारापर्यंत, थांबा, मग चार पावलं कपाटाकडे. पाय दुखेस्तोवर वावरलं तरी त्यातलं बरंचसं हिशेबात येत नाही.

उलटी चूकही होते. खुर्चीत बसून पाच मिनिटं बूट पॉलिश केले, साठ पावलं जमा. भांडी घासताना, टाळ्या वाजवताना, खडबडीत रस्त्यावर गाडीत बसल्या बसल्याही थोडी थोडी भर पडते. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘कामाचा हात’ आणि ‘दुसरा हात’ असा पर्याय असेल तर तो बरोबर निवडा. मी बँड डाव्या हातात घालते आणि तसंच नोंदवलं, तेव्हापासून ही फुकटची पावलं कमी झाली. पूर्ण गेली नाहीत.

इथवर असतं तर मी हा अनुभव लिहायला बसलेच नसते. दोन-चारशे पावलं इकडेतिकडे झाली म्हणून माझं काही अडत नाही. अडलं ते आईचं.

तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि रोज थोडं थोडं चालायला सांगितलं. हुरूप यावा म्हणून मी तिच्यासाठीही असाच बँड आणला. ती वॉकर घेऊन चालायची. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग दुसरा पाय, मग श्वास. मी मागून मोजत होते. खोलीच्या चार फेऱ्यांत १२० पावलं झाली. पलंगावर बसल्यावर तिने मनगट माझ्यापुढे धरलं. १४. ‘‘एवढं चालले ते गेलं कुठे गं?’’ तिने दोनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी दोन फेऱ्यांनंतर बसली आणि म्हणाली, ‘‘नाहीतरी ते धरत नाही माझं चालणं.’’

ते ऐकून मला फार लागलं. माझी दहा पावलं आणि तिची दहा पावलं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि यंत्र नेमकी तिचीच टाकून देत होतं. सावकाश चालीत शरीराला बसणारा हादरा कमी असतो, लय तुटक असते, त्यात हात वॉकरला घट्ट धरलेला. तिन्ही गोष्टी मनगटावरच्या बँडच्या विरुद्ध. खोक्यातल्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही. ग्राहकसेवेला लिहिलं तर ‘बँड बंद करून पुन्हा चालू करा’ असं उत्तर आलं. ज्यांना या आकड्याची सगळ्यात जास्त गरज, त्यांना हे विकताना तरी सांगायला हवं होतं.

उपाय नंतर सापडला. सावकाश चालणाऱ्यांच्या अभ्यासात यंत्र घोट्याला बांधतात, कारण तिथे प्रत्येक पाऊल पोचतंच. मी आईचा बँड मोज्याच्या आत, घोट्याच्या जरा वर बसवला. पुन्हा चार फेऱ्या, माझे १२०, बँडचे ११३. आईने तो आकडा माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि पाचवी फेरी मारली.

बँडमध्ये आधीपासून भरलेलं दहा हजारांचं लक्ष्यही मी काढून टाकलं. ते आलं १९६५च्या जपानी पेडोमीटरवरून. त्याचं नाव मानपो-केई, म्हणजेच ‘दहा हजार पावलांचं मीटर’. टोकियो ऑलिंपिकनंतर चालण्याची हवा होती, आकडा तोंडात बसला. २०१९ साली अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० नंतर फरक वाढत गेला नाही. पण त्यांची यंत्रं कमरेला बांधलेली होती. मनगटावरचा आकडा त्याशेजारी ठेवून ‘मी कमी पडले’ म्हणणं बरोबर नाही.

अंतराबद्दल थोडक्यात: ते बहुतेक वेळा पावलं गुणिले पावलाची लांबी एवढंच असतं, आणि लांबी उंचीवरून धरलेला अंदाज. ४०० मीटरच्या ट्रॅकवर एक फेरी मोजून खरी लांबी अ‍ॅपमध्ये भरली, तेव्हा माझं अंतर जुळायला लागलं. कॅलरींकडे मी बघत नाही.

मोकळ्या हाताने, बऱ्या वेगाने चालणाऱ्याने बँड खुशाल घ्यावा. आजची कालशी तुलना करायला तो चोख आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी घेत असाल तर आधी त्यांच्या मागे चालून शंभर पावलं मोजा आणि बँड काय म्हणतो ते बघा.

आई आता आधाराशिवाय चालते, पण बँड मोज्यातच ठेवायचा तिचा हट्ट आहे. रात्री चार्जिंगला लावायला तो काढून माझ्या हातात देते, तेव्हा आकडा तिने आधीच वाचलेला असतो.