‘फ्रीडरिश’: एकाच इमारतीत वाढलेली दोन मुले

हान्स पेटर रिश्टर यांची ‘फ्रीडरिश’ ही छोटेखानी जर्मन कादंबरी १९६१ साली प्रसिद्ध झाली. १९२५ साली एकाच इमारतीत, अवघ्या एका आठवड्याच्या अंतराने जन्मलेल्या दोन मित्रांची ही कथा आहे. फ्रीडरिश श्नायडर ज्यू कुटुंबातला आहे. निवेदक ख्रिश्चन घरातला असून त्याचे नाव लेखकाने अखेरपर्यंत सांगितलेले नाही. प्रत्येक प्रकरणाला साल दिलेले असल्यामुळे मुले निश्चिंत खेळत असतानाही वाचकाच्या मनावर दडपण येत राहते.

या कादंबरीत पूर्वग्रह द्वेषाच्या रूपाने क्वचितच समोर येतो. बहुतेक वेळा तो सोयीच्या, भीतीच्या आणि पोटापाण्याच्या वाटेने घरात शिरतो, आणि हेच मला तिचे सर्वांत मोठे बळ वाटते. ज्यांच्या मदतीवर निवेदकाचे घर चालते ते आजोबा ज्यू मुलाशी मैत्री नको असे बजावतात. बराच काळ बेकार राहिलेले वडील नोकरीसाठी नाझी पक्षात जातात, आणि तेच वडील श्नायडरांना देश सोडून जाण्याचा कळकळीचा सल्लाही देतात. एकाच माणसाच्या ठायी ही भलाई आणि ही तडजोड शेजारी शेजारी नांदताना पाहून वाचक अस्वस्थ होतो.

चेंडूचे प्रकरण तर आवर्जून वाचावे. काच निवेदकाच्या हातून फुटते, दुकानदारीण फ्रीडरिशला धरते, आणि आपणच ती फोडली असे निवेदक पुन्हा पुन्हा सांगत असूनही त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मित्राने खरे बोलण्याचे धैर्य दाखवले तरी ज्यांचा निवाडा आधीच झालेला आहे त्यांच्यापुढे ते धैर्य कसे निरुपयोगी ठरते, हे इतक्या थोड्या शब्दांत मी क्वचितच वाचले आहे. पुढे १९३८ च्या ज्यूंविरुद्धच्या हिंसाचारात हाच निवेदक जमावात ओढला जातो, हातात हातोडा घेतो आणि मोडतोडीत रमतो; त्याच दिवशी श्नायडरांचे घरही उद्ध्वस्त होते. त्या घरातली शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या पवित्र विश्रांतीदिनाची, संध्याकाळ लेखकाने आधीच आपल्याला दाखवलेली असल्यामुळे तिथली प्रत्येक मोडलेली वस्तू ओळखीची वाटते. निवेदकाला लेखक कोठेही माफ करत नाही, आणि त्याला खलनायकही ठरवत नाही.

१९४२ मधील हवाई हल्ल्याच्या प्रसंगी आसऱ्याच्या तळघराचे दार कोणासाठी उघडायचे, हा प्रश्न घरमालक रेश यांच्या हाती असतो. तिथे काय घडते ते इथे सांगत नाही.

उणिवाही आहेत. शिक्षक वर्गात ज्यू लोकांचा इतिहास सांगतात ते प्रकरण कथेपेक्षा पाठाकडे झुकते. शिवाय उत्तरार्धात फ्रीडरिश प्रामुख्याने सोसणारा म्हणूनच भेटतो. त्याचा राग, मित्राविषयीची त्याची निराशा अधिक ऐकू यायला हवी होती.

साधारण बारा वर्षांपुढील वाचकांना ही कादंबरी जरूर द्यावी, मात्र त्यांच्यासोबत एखाद्या मोठ्या माणसानेही ती वाचावी. शेवटी ज्यूंविरुद्धच्या कायद्यांची आणि फर्मानांची कालानुक्रमे यादी आहे. ती अखेरीस न वाचता प्रत्येक प्रकरणाच्या सालाशी ताडून पाहिली, तर श्नायडर कुटुंबाचे जग कोणत्या हुकुमाने किती आकसले हे मुलांना नीट उमगेल.