माझ्या नावाने ७१ जणांना फसवले

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास डिचोलीहून बाईंचा फोन आला. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. आमच्या ग्रुपमध्ये त्यांना लहानथोर सगळे बाईच म्हणतात. त्यांनी विचारले, "अगो, वर्कशॉपला लाल माती घरून आणायची की तू देणार? आमच्या परसात चांगली चिऱ्याची माती आहे." मी म्हटले, "कुठले वर्कशॉप, बाई?" त्या म्हणाल्या, "कालच नाही का मेसेज केलास? मी ७९९ रुपये भरलेसुद्धा."

मी कसलाही मेसेज केला नव्हता.

हे लिहायला मला चार महिने लागले. पण माझ्यासारखी कामे करणारी, आपल्या कामाभोवती माणसे जमवणारी बरीच मुले-मुली गोव्यात आणि कोकणात आहेत. त्यांच्यापर्यंत हे पोचायलाच हवे, म्हणून सगळे सविस्तर सांगते.

मी फोंड्याला राहते. लोगो, मेनूकार्ड, होमस्टेच्या पाट्या, लग्नपत्रिका अशी फ्रीलान्स डिझाइनची कामे करते. २०१९ पासून मराठीतून ब्लॉगही लिहिते, मुख्यतः आपल्याकडच्या नमुन्यांवर: चवथीची माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची चौकट), जुन्या घरांच्या फरशा, आणि माझी सगळ्यांत आवडती कावी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. भिंतीला शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा करायचा, त्यावर चिऱ्याच्या लाल मातीचा थर द्यायचा, आणि ओल असतानाच कंपास नि टोच्याने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा पाडायचा. पेडणे तालुक्यातल्या काही जुन्या देवळांत ती अजून पाहायला मिळते. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जिथे ऑइलपेंट किंवा टाइल्स आल्या, तिथे ती कायमची गेली. त्या तळमळीतूनच मी लिहीत गेले आणि वाचणारे हळूहळू जवळ येत गेले.

आधी एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. लॉकडाऊनमध्ये रविवारचा नमुना सुरू केला: मी एक आकृती द्यायची, सगळ्यांनी ती आपापल्या परीने काढून संध्याकाळपर्यंत टाकायची. सत्तरीतल्या गृहिणी, कला महाविद्यालयातले विद्यार्थी, म्हापशाच्या एक शिवणकाम करणाऱ्या काकी, सावंतवाडीचे एक साइनबोर्ड पेंटर, असे लोक येत गेले. चवथीच्या आधी तर रोज कुणी कवंडळाचे, कुणी सुपारीच्या घोसाचे चित्र टाकायचे. पुढे सहा ग्रुप झाले, मग मी त्यांची व्हॉट्सॲपवरच एक कम्युनिटी केली, म्हणजे सगळे ग्रुप एका छत्राखाली आणले. फसवणूक झाली तेव्हा आम्ही १,१४० जण होतो. यात माझी कमाई फारशी नव्हती. अधूनमधून कुणी ओळखीतून काम द्यायचे, तेवढेच. पण माझ्या शब्दावर ही माणसे विसंबायची आणि त्याची किंमत मला पूर्ण कळली नव्हती. ज्याला ती कळली, तो मला शोधत आला.

ऑक्टोबरचे दिवस होते. गोव्यात डिझाइनचे काम हंगामावर चालते. पावसात हॉटेले आणि कॅफे थंड असतात, जून ते सप्टेंबर माझ्या हाताला जेमतेम काम असते. अशा वेळी एका गृहस्थाचा मेसेज आला. मराठी शुद्ध, बोलणे नम्र. डिसेंबरात पणजीत कलेचे मोठे कार्यक्रम होतात, त्या सुमारास त्यांच्या इव्हेंट कंपनीला कावीची दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची होती. शिकवायचे मी, पोस्टरही मीच करायचे, मानधन ४५,००० रुपये. त्याने माझा चुन्यावरचा लेख नीट वाचलेला होता. चुना मुरवताना गूळ का घालतात, असा प्रश्न त्याने विचारला. एवढे वाचून येणारा माणूस लबाड असेल, असे मनातही आले नाही. आता वाटते, त्याने माझा अभ्यास केला होता, कावीचा नव्हे.

लेटरहेडवर पत्र आले. पत्ता पणजीचा, खाली जीएसटी क्रमांक. मी ते पत्र दोनतीनदा पाहिले, पण डिझायनरच्या नजरेने: अक्षरे कशी बसवली आहेत, लोगो कसा आहे. क्रमांक वाचलाच नाही. जीएसटी क्रमांक १५ अंकी-अक्षरी असतो आणि त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. गोव्याचे ३०, महाराष्ट्राचे २७. त्या पत्रावर पत्ता पणजीचा होता नि क्रमांक २७ ने सुरू होत होता. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कुणालाही फुकट तपासता येते. नंतर मी तपासले तेव्हा तो क्रमांक एका हार्डवेअर दुकानाचा निघाला. त्या दुकानदारालाही पत्ता नसेल. एक मिनिटाचे काम होते आणि ते आधी केले असते तर पुढचे काहीच घडले नसते.

दुसऱ्या दिवशी ५,००० रुपये आगाऊ आले. पैसे हातात पडले की शंका घ्यायला जीभ रेटत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

मग त्याने दोन गोष्टी मागितल्या. पहिली, पोस्टरची ओपन फाइल, म्हणजे जिच्यात हवे ते बदलता येते ती मूळ फाइल. क्यूआर कोड आणि तारीख त्यांचा माणूस नंतर टाकणार होता. आपल्या धंद्यात पूर्ण पैसे आल्याशिवाय ओपन फाइल द्यायची नाही, हे मी स्वतः नव्या मुलांना सांगत आले आहे. तरी दिली. त्यात माझा लोगो वेगळ्या लेयरवर, अगदी स्वच्छ, उचलायला तयार.

दुसरी मागणी साधी वाटली. "लोकांच्या शंकांना थेट उत्तरे देता येतील, मला दोन दिवस कम्युनिटीत ॲडमिन करा."

इथे नीट लक्ष द्या. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीत घोषणांच्या ग्रुपवर साध्या सभासदाला इतरांचे नंबर दिसत नाहीत. कम्युनिटीच्या ॲडमिनला दिसतात. मला एवढेच माहीत होते की कम्युनिटी ज्याने सुरू केली त्याला दुसरा ॲडमिन काढू शकत नाही, म्हणजे ती माझ्या हातातून जाणार नाही. ते खरेही होते. पण त्याला माझी कम्युनिटी नकोच होती. त्याला १,१४० नंबर हवे होते. दोन दिवसांनी त्याने स्वतःच लिहिले, "माझे काम झाले मॅडम, आता मला काढून टाका, उगाच नको." त्या सभ्यपणाने माझी उरलीसुरली सावधगिरीही गेली.

पुढचे पंधरा दिवस शांत. मी कंपास घासून ठेवला, चुना मुरत घातला, वर्कशॉपची टिपणे काढली.

मग एका शनिवारी संध्याकाळी त्या नंबरांवर एकेकाला मेसेज गेले. व्हॉट्सॲप बिझनेसचे नवे खाते, डीपीला माझा लोगो, नाव माझे. सोबत मीच केलेले पोस्टर, त्यात क्यूआर कोड. "फक्त ८० जागा, आपल्या माणसांना आधी कळवते आहे." खाली माझी नेहमीची सही: "भेटू, हात लाल करून." ही ओळ मी प्रत्येक निरोपाखाली लिहायची. ती वाचून खरेच मीच लिहिले आहे असे वाटल्याचे अनेकांनी सांगितले. मला पैशांपेक्षा त्या ओळीचे जास्त लागले. ती मी परत कधी लिहिलेली नाही.

शनिवार संध्याकाळ निवडण्यालाही कारण असणार. दुसऱ्या दिवशी रविवार, बँका बंद, लोक निवांत आणि आमच्याकडे तर रविवार म्हणजे नमुन्याचा दिवस, सगळे फोन हातात घेऊनच बसलेले.

मडगावच्या एका विद्यार्थिनीच्या लक्षात आले होते. पिन टाकण्याआधी ॲपवर ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचे नाव दिसते. तिथे कुणा अनोळखी पुरुषाचे नाव होते. तिने त्याच नंबरवर विचारले, तेव्हा उत्तर आले, "आमच्या अकाउंटंटचे खाते आहे, काळजी नको." तिने पैसे भरले. तिने मला एक फोन केला असता तर, असे मी सुरुवातीला म्हणायची. आता म्हणत नाही. शंका आली तर कुठे विचारायचे हे मी कुणाला कधी सांगितलेच नव्हते.

आता माझी सगळ्यांत मोठी चूक. बाईंचा फोन साडेनऊला आला. मी ग्रुपवर पहिला इशारा टाकला तेव्हा साडेबारा वाजले होते. मधले तीन तास मी त्या गृहस्थाला फोन लावत होते. काहीतरी घोटाळा झाला असेल, त्याच्याकडून खुलासा घेऊ, मग सांगू. खरे कारण लाज होती. १,१४० माणसांसमोर "मी तुमचे नंबर एका परक्याला दाखवले" हे लिहायला बोटे चालत नव्हती. त्या तीन तासांत आणखी १९ जणांनी पैसे भरले. एकूण ७१ जण, ५६,७२९ रुपये. वेळा जुळवून पाहिल्यावर ही १९ नावे समोर आली, ती मला पाठ आहेत.

दुपारी मी १९३० ला फोन केला. सायबर फसवणुकीसाठी हा देशभरचा एकच नंबर आहे, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार होते. मला वाटले होते माझी एक तक्रार सगळ्यांसाठी पुरेल. तसे नसते. ज्याच्या खात्यातून पैसे गेले, त्याने आपल्या व्यवहाराची तक्रार करायची. व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक, वेळ, रक्कम लागते. मग मी आणि आणखी तिघीजणी दुपारभर एकेकाला फोन करून बसलो, कुणाला तो क्रमांक ॲपमध्ये कुठे असतो ते सांगत, कुणाच्या मुलाला शेजारून बोलावत. फसवलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवतात. ते पुढे जायच्या आत तक्रार पोचली तरच बँक अडवू शकते. आमच्यातल्या १४ जणांचे, म्हणजे ११,१८६ रुपये अडवले गेले. ते हातात यायची प्रक्रिया अजून चालू आहे. बाकीचे पुढे निघून गेले होते. सोमवारी मी रायबंदरला सायबर पोलिसांकडे जाऊन माझी वेगळी तक्रार दिली: माझे नाव, लोगो आणि पोस्टर वापरल्याची. माझे सगळे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, याचा मला त्या दिवशी फार आधार वाटला.

आणि तीन आठवड्यांनी माझ्याच खात्यातले ५,००० रुपये बँकेने होल्डवर टाकले. आगाऊ म्हणून आलेली ती रक्कम दुसऱ्या राज्यातल्या एका फसवल्या गेलेल्या माणसाच्या खात्यातून आली होती. म्हणजे मला दाखवलेले आमिषसुद्धा कुणाच्या तरी घामाचे. आता अनोळखी गिऱ्हाइकाचा आगाऊ आला की ज्याच्याशी बोलणे झाले त्याचेच नाव पाठवणाऱ्यात आहे का, हे मी आधी बघते. नसेल तर विचारते.

आता कम्युनिटीत ॲडमिन मी आणि जुनी एक मैत्रीण, बस. बाहेरच्या कुणाला काही सांगायचे असेल तर तो मला लिहून पाठवतो, मी टाकते. पैसे भरायचे असतील तर ते फक्त माझ्या खात्यावर, पिनच्या आधी माझे पूर्ण नाव दिसेल, दुसरे नाव दिसले तर थांबा आणि मला फोन करा, हे घोषणांच्या ग्रुपवर वर चिकटवून ठेवले आहे. एखादी गोष्ट वैयक्तिक मेसेजवर आली आणि ग्रुपवर नसेल, तर ती माझी नाही, हेही सगळ्यांना सांगितले आहे. ओपन फाइल पूर्ण पैसे आल्यावरच.

२०० हून अधिक माणसे सोडून गेली. त्यांना मी थांबवले नाही. ज्यांचे पैसे गेले त्यांना मी महिन्याच्या कामातून थोडे थोडे परत करते आहे, विद्यार्थ्यांना आधी. बऱ्याच जणांनी घ्यायला नकार दिला. बाई तर रागावल्या. त्यांनी जानेवारीत परसातल्या मातीची एक पिशवी पाठवली आणि म्हणाल्या, "वर्कशॉप घे गो, पैसे नंतर बघू." घ्यायचे आहे. अजून धीर होत नाही.

परवा कुडाळच्या एका मुलीने मला एक स्क्रीनशॉट पाठवला. ती वारली काढते, तिच्याभोवती ६०० जण जमले आहेत. तोच मजकूर, तीच नम्र भाषा. कार्यशाळा आता मे महिन्यात आहे आणि मानधन ५०,००० झाले आहे. खाली शेवटची ओळ: "मला दोन दिवस कम्युनिटीत ॲडमिन करा." तिने अजून केलेले नाही.