पंडित कॉलनीतले फिजिशियन सर : चिठ्ठी छोटी, तपासणी मोठी

माझं नाशकात मेडिकल आहे, माल गोळे कॉलनीतल्या औषधांच्या होलसेल बाजारातून उचलतो, त्यामुळे डॉक्टरांचा रिव्ह्यू मी चिठ्ठीपासूनच सुरू करणार. सरांची चिठ्ठी कॅपिटल अक्षरांत असते आणि कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव असतं. मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये नियमात दुरुस्ती करून हेच सांगितलं होतं. पाळतं कोण ते काउंटरवर उभं राहिलं की कळतं. शिवाय औषधं मोजकी. धंद्याच्या दृष्टीने असला डॉक्टर वाईटच, म्हणून तर निफाडच्या मामांना मी त्यांच्याकडेच नेलं.

सरांनी उभी नोकरी सरकारी मेडिकल कॉलेजांत मेडिसिन शिकवण्यात काढली. जिथे बदली झाली तिथे गेले. १९९८ ला आरोग्य विद्यापीठ नाशकात सुरू झालं, तेव्हापासून परीक्षांच्या कामाला इकडे यायचे, रिटायर झाल्यावर इथेच राहिले. शहरातले बरेच कन्सल्टंट त्यांचे विद्यार्थी. आम्ही बसलो होतो तेव्हा त्यांतल्या एकाचा फोन आला. सरांनी रिपोर्ट ऐकून घेतले आणि विचारलं, "ते ठीक आहे, पण तू पोटाला हात लावून बघितलंस का?" पलीकडून बहुतेक काही उत्तर आलं नाही.

मामांचं दुखणं असं : उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी, आणि दोन्ही पाय सुजलेले. सरांनी आधी गोळ्यांची अख्खी पिशवी टेबलावर ओतायला लावली. मग मामांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी मोजलं, उभं करून परत मोजलं, तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा १४८ वरून ११८ वर. नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते पाहिलं आणि शेजारी बसलेल्या, एमडी शिकणाऱ्या मुलीलाही, मामांना विचारून, दाबायला लावलं. "छाती साफ, मानेची शीर फुगलेली नाही, म्हणजे हार्टची दिसत नाही. मग सूज कशाची?" ती गप्प. सरांनी डोळ्यांनीच टेबलाकडे खूण केली.

साखळी तिथे पडली होती. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक रोज चालू, त्याने बीपी चढलं. म्हणून अॅम्लोडिपीन ५ चं १० झालं. त्याने पाय सुजले, म्हणून लघवीची गोळी, आणि त्या गोळीने चक्कर. मामांना त्यांनी बागायतदाराच्या भाषेत सांगितलं : "एका फवारणीने पान करपलं म्हणून दुसरी मारली, आता तिसरी मागताय." मामांना एका वाक्यात कळलं.

डायक्लोफिनॅक आणि लघवीची गोळी बंद, अॅम्लोडिपीन परत ५ वर, गुडघ्याला व्यायाम आणि लागलीच तर पॅरासिटामॉल. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि पोटॅशियम लगेच तपासायला सांगितलं, घरी बीपीची वही ठेवायची. मनाने काही बंद-चालू करायचं नाही, हे दोनदा बजावलं. पुढच्या खेपेला सूज उतरली होती, चक्कर थांबली होती.

मध्येच त्या मुलीला डॉ. रुस्तम वकिलांची गोष्ट सांगितली. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलचे वकील, सर्पगंधेवरचा त्यांचा पेपर १९४९ ला ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि आपल्याकडची मुळी जगभर बीपीला वापरली जाऊ लागली. "पण त्याच औषधाने पुढे काहींना उदासी यायची, तेही लिहून ठेव," हे सरांचं शेपूट. बाहेर नंबर तुंबलेले, पण ही गोष्ट काही आवरती घेतली नाही.

आता तक्रारी. नंबर सकाळी फोनवरच, आणि नंबर लावणाऱ्या मावशींचा फोन लागला तर नशीब. एका पेशंटला अर्धा तास सहज जातो, म्हणजे सहाचा नंबर साडेसातला. पहिला मजला, लिफ्ट नाही. गुडघेवाल्यांना जिना चढवून गुडघे तपासणं हे मला काही पटलेलं नाही. गल्लीत चारचाकी नेऊ नका. विद्यार्थ्यांसमोर तपासून घेणं नको असेल तर आधी सांगा, सर त्यांना लगेच बाहेर पाठवतात, तोंड वाकडं करत नाहीत.

सलाईन किंवा ताकदीचं इंजेक्शन हवं असेल तर जाऊ नका, मिळणार नाही. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या घेऊन जा, आयुर्वेदिक चूर्ण आणि शेजाऱ्याने दिलेलीसुद्धा. मामा खूश आहेत, फक्त लोणचं आणि पापड बंद केल्याचा राग अजून आहे, आणि तो ते माझ्यावर काढतात.